वाचक विचारतात: विलायतेची शाळा, डबा आणि फोडणीचा धूर

परीक्षा संपल्या की या सदराच्या टपालाचा नूर बदलतो. यंदा निम्मी पत्रं ब्रिटनबद्दलची आहेत. कुणाची ऑगस्टमध्ये बदली आहे, कुणाला सप्टेंबरात विद्यापीठ गाठायचंय, कुणाच्या लेकीला शाळेनं प्रकल्प दिलाय. बिग बेन आणि बकिंगहॅम राजवाड्याची माहिती कुठंही मिळते, म्हणून ती पत्रं बाजूला ठेवली. मुलांचं तिथं पहिल्या महिन्यात अडतं ते डबा, नळ, नाणी आणि वाढदिवसाच्या आमंत्रणापाशी. उत्तरं त्याच हिशेबानं दिली आहेत.

प्रश्न: प्रकल्पासाठी मी ब्रिटनचा झेंडा काढला, पण बाईंनी तो चुकलाय म्हणून परत दिला. काय चुकलं असेल? आणि इंग्लंड, ब्रिटन, यूके हे सगळं एकच का?
— इयत्ता सहावी, सिडको

आधी नावं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स ज्या मोठ्या बेटावर आहेत ते ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंग्डम, म्हणजे यूके. एडिंबराच्या माणसाला 'तुम्ही इंग्लिश ना?' असं विचारू नकोस. तो स्कॉटिश असतो आणि हे तो लगेच ऐकवतो.

झेंड्यात तीन क्रूस एकावर एक आहेत. इंग्लंडचा लाल आणि सरळ, स्कॉटलंडचा निळ्यावर पांढरा तिरपा, आयर्लंडचा लाल तिरपा. वेल्सचा नाही, कारण १६०६ साली पहिला झेंडा झाला तेव्हा वेल्स इंग्लंडला आधीच जोडलेला होता. आयर्लंडचा क्रूस १८०१ मध्ये आला, आणि सगळ्यांची चूक होते ती या तिसऱ्या क्रूसापाशीच. लाल तिरपा पट्टा पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो.

३० बाय १५ सेंटिमीटरचा आयत घे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण पेन्सिलीनं अगदी हलके काढ. प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटरवर समांतर रेषा मार. हे अंतर कर्णाला काटकोनात मोजायचं, कागदाच्या कडेला धरून मोजलंस तर पट्ट्यांची रुंदी बिघडते. आता कर्णाची एक बाजू पूर्ण पांढरी ठेवायची. दुसऱ्या बाजूला कर्णाला चिकटून १ सेंटिमीटर लाल आणि त्याबाहेर अर्धा सेंटिमीटर पांढरा. कोणती बाजू पांढरी, हे असं लक्षात ठेव: काठीकडच्या अर्ध्या भागात जाड पांढरा पट्टा लालच्या वर, उरलेल्या अर्ध्यात लालच्या खाली. समोरासमोरचे लाल पट्टे एका रेषेत आले नाहीत तर घाबरू नकोस, तसंच हवं. शेवटी मधला सरळ क्रूस काढ, ३ सेंटिमीटर लाल आणि त्याच्या दोन्ही कडांना १-१ सेंटिमीटर पांढरा. उरेल ते गडद निळं.

प्रश्न: यजमानांची कंपनी ऑगस्टमध्ये आम्हाला लीड्सला पाठवतेय. मुलाची पाचवी नुकतीच झाली. त्याला तिकडे कितवीत घालतील? फी किती? आणि डब्यात पोळी-भाजी दिली तर चालेल का?
— पालक, गंगापूर रोड

इंग्लंडमध्ये इयत्ता जन्मतारखेवरून ठरते, गुणपत्रिकेवरून नाही. १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली सगळी मुलं एका वर्गात. १ सप्टेंबरला मुलाला ११ वर्षं पूर्ण झालेली असतील तर तो इयर सेव्हनमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात जाईल. नसतील तर इयर सिक्समध्ये, प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात. ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर या दोन तारखांच्या मुलांमध्ये एका दिवसामुळे अख्ख्या वर्गाचा फरक पडतो, आणि त्यावर वाद घालून सहसा उपयोग होत नाही. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, पण लीड्स इंग्लंडात असल्यानं तुम्हाला ती नको.

सरकारी शाळेला फी नाही. प्रवेशाचा अर्ज तिथल्या महापालिकेकडे, म्हणजे कौन्सिलकडे करायचा. सप्टेंबरच्या माध्यमिक प्रवेशाची मुदत आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपते, त्यामुळे तुमचा अर्ज उशिराचा धरला जाईल आणि जिथं जागा उरली असेल तिथं नंबर लागेल. लोक आधी घर भाड्यानं घेतात आणि मग शाळा शोधतात. शेजारची शाळा भरलेली निघते आणि मूल दोन बस बदलून जातं. म्हणून करारावर सही करण्याआधी त्या भागातल्या शाळांत जागा आहे का हे कौन्सिलला विचारून घ्या. मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखला आणि शेवटचं प्रगतिपुस्तक हाताशी ठेवा. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर इथूनच करून नेलेलं बरं.

गणवेशात बोधचिन्हाचा स्वेटर किंवा कोट तेवढा शाळेनं सांगितलेल्या दुकानातून घ्यावा लागतो. पांढरा शर्ट, करडी पँट, काळे बूट कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. प्रत्येक कपड्यावर नाव हवं, मोज्यांवरसुद्धा. खेळाच्या तासाला तीसेक मुलं एकदम कपडे बदलतात आणि बिननावाचा स्वेटर परत मिळत नाही. शिक्षिकांना 'मिस' आणि शिक्षकांना 'सर' म्हणायचं, किंवा आडनावासह 'मिसेस अमुक'. 'टीचर' अशी हाक कुणी मारत नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्या घरांना जड जाते. चुलतबहिणीच्या लग्नासाठी शाळा बुडवून आठवडाभर नाशिकला येता येत नाही. मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस भरतील इतकी गैरहजेरी झाली की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून पहिला दंड ८० पौंड आहे. २१ दिवसांत भरला नाही तर तो १६० होतो. हा दंड प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकाला वेगळा, म्हणजे एका मुलासाठी आई-बाबा मिळून १६० पासून सुरुवात. लग्नाचा मुहूर्त जुलैअखेर ते ऑगस्टअखेर काढा, तेव्हा तिकडे सहा आठवड्यांची सुट्टी असते. पंचांग काय म्हणेल ते वेगळं!

आता डबा. पोळी-भाजी चालते, गुंडाळी करून दिली तर उत्तमच. डबा गरम करून मिळत नाही, तेव्हा थंडही बरी लागेल अशी भाजी द्या: बटाट्याची, फ्लॉवर-मटार, पनीर. रस्सा नको. खरी अडचण शेंगदाण्याची. बऱ्याच शाळांत डब्यात दाणे, काजू, बदाम आणायला सक्त मनाई असते, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाला त्यांची इतकी तीव्र ॲलर्जी असते की जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे दाणे कुठं नसतात ते सांगा! साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चिवड्यात अख्खे दाणे, चिक्की तर विचारायलाच नको. डबा भरताना 'दाणे नाहीत ना' एवढं विचारून भागत नाही, कूट आठवावं लागतं.

अन्नावर जाहीर कराव्या लागणाऱ्या १४ ॲलर्जींच्या ब्रिटिश यादीत तीळ आणि मोहरीसुद्धा आहेत. त्यामुळे संक्रांतीला वर्गभर तिळगूळ वाटायचा उत्साह आवरा. तीळ आणि दाणे दोन्ही एकाच लाडवात. आधी वर्गशिक्षिकेला लिहून विचारा. परवानगी मिळाली तरी बहुतेक वेळा पाकिटावर घटक छापलेला विकतचा पदार्थच मागतात. हलव्याचे दागिने मात्र दाखवायला नक्की न्या, ते कुणी खाणार नसलं तर भीती नाही.

प्रश्न: आमच्या लहानपणी चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. इंग्रजांचंही तसंच काहीसं होतं ना? नातू निघालाय. शिवाय कपाटात थोरल्या भावानं आणलेल्या दोन जुन्या वीस पौंडांच्या कागदी नोटा आहेत, त्या चालतील का?
— आजोबा, पंचवटी

होतं, आणि आपल्यापेक्षा अवघड होतं. १२ पेनींचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेनी. २४० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ असा कशानंही भाग जातो, म्हणून वाटे पाडायला ती पद्धत सोयीची. आपण १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आणले. साहेबाला त्यासाठी १५ फेब्रुवारी १९७१ उजाडावा लागला. आता १०० पेन्सचा पौंड, हिशेब सरळ.

नातवाला सांगायची गोष्ट अशी की तिथल्या नाण्यांचा आकार किमतीप्रमाणे वाढत नाही. तांब्याच्या रंगाचं दोन पेन्सचं नाणं चांदीच्या रंगाच्या दहा पेन्सपेक्षा मोठं असतं, आणि पौंडाच्या नाण्यापेक्षाही. पाच पेन्स सगळ्यांत चिमुकलं. २० आणि ५० पेन्सला सात कडा, पौंडाला बारा. पोरं मोठी नाणी खिशात जपतात आणि छोटी उधळतात, शेवटी नुकसान होतं. इथंच रंग आणि कडांवरून ओळखायचा सराव करून घ्या. 'क्विड' म्हणजे पौंड, 'फायव्हर' म्हणजे पाचाची नोट, 'टेनर' म्हणजे दहाची. स्कॉटलंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, पण लंडनमधला दुकानदार घेताना तोंड वाकडं करू शकतो.

तुमच्या नोटा दुकानात चालणार नाहीत. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, आता सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आहेत. पण त्या वाया गेलेल्या नाहीत. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कायम बदलून देते, मुदत नाही. नातवाबरोबर पाठवा, ओळखपत्र लागेल हे त्याला सांगा.

प्रश्न: दादा मँचेस्टरला आहे. त्याला फोन करायची वेळ नेहमी चुकते.
— इयत्ता आठवी, ओझर

काट्यांचं घड्याळ उलटं धर, वरची बाजू खाली. नाशिकला सकाळचे १० वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेचार दिसतात, आणि हिवाळ्यात मँचेस्टरला पहाटेचे साडेचारच वाजलेले असतात. फरक साडेपाच तासांचा असल्यानं हे जमतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात. मधल्या काळात फरक साडेचार तासांचा, तेव्हा उलट्या घड्याळात दिसेल त्यात एक तास मिळव.

प्रश्न: लेक सप्टेंबरात शिकायला चाललीय, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणार. तिकडे फोडणी दिली की फायर अलार्म वाजतो म्हणतात. खरं का? मिक्सर न्यावा का? बादली-तांब्या मिळतो का?
— आई, नाशिकरोड

खरं आहे, आणि तो वाजला की पहाटे दोनला अख्खी इमारत पायजम्यात रस्त्यावर उभी राहते. पण कारण समजलं की टाळता येतं. सामाईक स्वयंपाकघरात बहुधा उष्णता ओळखणारा अलार्म असतो, तो फोडणीनं सहसा वाजत नाही. धूर ओळखणारा अलार्म बाहेरच्या पॅसेजमध्ये आणि खोल्यांत असतो. स्वयंपाकघराचं जड दार आपोआप बंद होणारं असतं. मुलं येण्या-जाण्याच्या सोयीसाठी त्याला खुर्ची लावून ठेवतात, फोडणीचा धूर पॅसेजमध्ये जातो आणि तिथला अलार्म बोंबलतो. तेव्हा दार बंद, शेगडीवरचा पंखा फोडणीच्या आधीच सुरू, खिडकी किलकिली. तिथल्या विजेच्या शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, म्हणून मोहरी तडतडली की बटण फिरवून थांबू नये, कढलं उचलून बाजूला ठेवावं. मिरची आणि हिंग त्यानंतर. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कुणी शिकवली तर ऐकू नका. आग लागली तर कळणार नाही, आणि पकडलं गेलं तर जबर दंड होतो. खोलीत उदबत्ती आणि निरांजनही बहुतेक ठिकाणी मना असतं. दिवाळीला बॅटरीवरची पणती.

न्हाणीघराचं वेगळंच. तिथं मोरी नसते. पाणी जायची वाट फक्त टबात किंवा शॉवरच्या तबकात, बाकी जमीन बऱ्याचदा लाकडी, वर पातळ आच्छादन. टबाबाहेर बसून तांब्यानं अंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतातून टपकतं आणि दुरुस्तीचं बिल येतं. बादली घ्यायचीच असेल तर ती टबात ठेवून आपणही टबात बसायचं. शॉवरचा पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडायचा. दिव्याला भिंतीवर बटण दिसलं नाही तर छतातून लोंबणारी दोरी ओढावी. ओल्या हातांनी बटण लागू नये म्हणून ती सोय आहे. दाढीच्या यंत्राचं खास सॉकेट सोडलं तर आत दुसरं सॉकेट नसतं. जुन्या घरांत गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात. पूर्वी गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं आणि ते पिण्यालायक धरत नसत, म्हणून पिण्याच्या गार पाण्यात ते मिसळू द्यायचे नाहीत. आता कारण संपलं, नळ राहिले.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे मिक्सर जळणार नाही, फक्त अडॅप्टर हवा. तिकडचा प्लग तीन चौकोनी पिनांचा. वरची पिन लांब असते, ती आधी आत जाऊन बाकीच्या दोन भोकांवरची झडप उघडते. प्रत्येक प्लगच्या पोटात ३ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो, उपकरण अचानक बंद पडलं तर आधी तो बघायचा. गंमत म्हणजे आपल्या गोल पिनांचा प्लग हाच ब्रिटिशांचा जुना प्लग. त्यांनी तो टाकला, आपण ठेवला. तरीही मिक्सर न्यायच्या आधी वसतिगृहाला विचारा. कित्येक ठिकाणी बाहेरून आणलेल्या उपकरणाची सुरक्षा तपासणी होऊन त्यावर चिठ्ठी चिकटल्याशिवाय वापरू देत नाहीत. पाणी तापवायचा रॉड घरीच राहू द्या.

प्रश्न: कुणी 'यू ऑल राइट?' विचारलं की मुलगा तब्येतीबद्दल सांगायला लागतो.
— इंदिरानगर

'यस थँक्स, यू?' एवढं म्हणायचं आणि चालू लागायचं.

प्रश्न: भावाचं कुटुंब बर्मिंगहॅमला नवीनच गेलंय. भाचीला मैत्रिणीनं 'टी'ला बोलावलं, म्हणून वहिनी तिला घरून जेवू घालून घेऊन गेली. तिकडे तर ताट वाढून ठेवलेलं! असं का?
— आत्या, सातपूर

मुलांच्या बाबतीत 'टी' म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण. साधारण पाच वाजता, शाळा सुटल्यावर. पास्ता, फिश फिंगर, चिप्स असं काहीतरी. उत्तर इंग्लंडात आणि मिडलंड्समध्ये मोठी माणसंसुद्धा असंच म्हणतात, आणि दुपारच्या जेवणाला 'डिनर'. शाळेतल्या दुपारच्या जेवणाला तर देशभर 'स्कूल डिनर'.

शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगावं, आणि 'व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नये. त्यांच्या शाकाहारात अंडं येतं. चघळायच्या जेली गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. कुणी फसवायला घालत नाही, त्यांच्या लक्षात येत नाही इतकंच.

वाढदिवसाच्या आमंत्रणावर दोन वेळा छापलेल्या असतात, समजा २ ते ४. दोनला पोचायचं आणि चारला मूल न्यायला हजर राहायचं. साडेचारला गेलात तर यजमानीणबाई झाडू घेऊन उभी दिसेल. ज्याचं नाव आमंत्रणावर आहे त्यानंच जायचं, धाकट्याला बरोबर न्यायचं असेल तर आधी विचारायचं. येणार की नाही ते कळवायलाच हवं, कारण हॉलचे पैसे डोकी मोजून भरलेले असतात. भेटवस्तू तिथं उघडत नाहीत, पाहुणे गेल्यावर उघडतात आणि नंतर आभाराचं पत्र येतं.

प्रश्न: शाळेत 'पॅनकेक डे' करायचा आहे. नेमकं प्रमाण द्याल का? काही मुलं अंडं खात नाहीत.
— शिक्षिका, म्हसरूळ

हा दिवस ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होतो, म्हणून घरातली अंडी, दूध, लोणी आदल्या दिवशी संपवायची. म्हणजे आपल्या गटारीचंच भावंड, फक्त गोडातलं. बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावात त्या दिवशी बायका तव्यावर पॅनकेक घेऊन ४१५ यार्ड धावतात. ही शर्यत १४४५ पासूनची म्हणून सांगतात.

१०० ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिलिलिटर दूध, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. मैद्यात खळगा करून अंडी फोडा, आधी थोडंसंच दूध घालून घट्ट गुळगुळीत करा, मग बाकीचं दूध. सगळं दूध एकदम ओतलं की गाठी होतात आणि मग कितीही घुसळलं तरी मोडत नाहीत. अर्धा तास झाकून ठेवा, मैदा फुगतो आणि पॅनकेक चिवट होत नाही. पीठ घावनाइतकं पातळ हवं. २० सेंटिमीटरचा तवा तापवून तेलाचा बोळा फिरवा, जादा तेल राहिलं तर पॅनकेक तळला जातो. छोटी पळीभर पीठ घालून तवा लगेच गोल फिरवा. कडा सुटल्या आणि खालून तपकिरी ठिपके आले की उलटा. पहिला बहुतेक चिकटतो, कारण तवा नीट तापलेला नसतो. तो करणाऱ्यानं खाऊन टाकावा. वर लिंबू पिळून साखर भुरभुरवायची, गुंडाळायचा. जाड, फुगलेला आणि सिरपात बुडवलेला तो अमेरिकेचा, हा नव्हे.

अंड्याशिवाय करताना मैद्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर बेकिंग पावडर घाला, पीठ किंचित दाट ठेवा आणि तळहाताएवढेच घाला. मोठे घातले तर उलटताना तुटतात. तवाही वेगळा ठेवा.

प्रश्न: सुट्टीत मुलांना घेऊन लंडनला जातोय. राजवाडे तर बघूच, पण आपल्या माणसांच्या काही खुणा आहेत का?
— भगूर

तुमच्याच गावापासून सुरुवात करा. हायगेटमधल्या ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू या घरावर विनायक दामोदर सावरकरांच्या नावाची निळी गोल पाटी आहे. हेच तेव्हाचं 'इंडिया हाऊस', भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस इथं लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले, त्यावरही पाटी आहे. सगळ्यांत जवळचं स्टेशन वॉरिक ॲव्हेन्यू. चॉक फार्म स्टेशनपासून चालत, १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहून शिकले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं आणि तिथं संग्रहालय केलं. तेवढं आतून पाहता येतं, उघडण्याच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या. पहिल्या दोन घरांत लोक राहतात. पाटी फुटपाथवरून बघायची, फोटो काढायचा, घंटी वाजवायची नाही.

लंडनमध्ये घरांवर अशा पाट्या लावायची पद्धत १८६६ पासूनची. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. बसला चढतानाच एकदा कार्ड टेकवायचं, भुयारी रेल्वेला आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. ११ वर्षांखालच्या मुलांना बस फुकट.

प्रश्न: वर्गातून तिकडच्या शाळेला पत्रं पाठवतोय. पत्ता कसा लिहायचा?
— इयत्ता नववी, जेलरोड

पहिल्या ओळीत नाव, दुसरीत घराचा नंबर आणि रस्ता, मग गाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली स्वतंत्र ओळीत पोस्टकोड, शेवटी देशाचं नाव. आपला पिनकोड अख्ख्या भागाचा असतो, त्यांचा पोस्टकोड साधारण पंधरा घरांचा. त्यामुळे त्यात एक अक्षर चुकलं तर पत्र भलत्याच गावाला जाऊ शकतं, बाकी पत्ता कितीही सुबक लिहा. नाव माहीत असेल तर शेवटी 'युवर्स सिन्सिअरली', 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' लिहिलं असेल तर 'युवर्स फेथफुली'. बरोबरीच्या मुलाला 'बेस्ट विशेस' पुरे.

उत्तर आलं की तिकीट नीट बघा. त्यावर देशाचं नाव नसतं, फक्त राजाचा किंवा राणीचा मुखवटा. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, पेनी ब्लॅक, १ मे १८४० ला त्यांनीच काढलं. तेव्हा दुसऱ्या कुणाचं तिकीटच नव्हतं, मग नाव कशाला घालतील? भारताची तिकिटंही बरीच वर्षं लंडनच्या डे ला रू कंपनीत छापून यायची. ते काम १९२५-२६ च्या सुमारास तुमच्या शेजारच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसकडे आलं. पत्रात हे नक्की लिहा.

प्रश्न: आमची द्राक्षं तिकडच्या दुकानांत जातात. तिथली पोरं ती कशी खातात?
— बागायतदार, पिंपळगाव बसवंत

दुकानात ती साधारण अर्धा किलोच्या प्लास्टिकच्या डबीत, बियांशिवायची, वर मूळ देशाचं नाव छापून मिळतात. वसंत ऋतूत त्या जागी 'इंडिया' दिसतं. पण बालवाडीत अख्खं द्राक्ष पोराच्या हातात देत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना ते उभं कापून चार फोडी करूनच द्यायचं, अशी सूचना आहे. द्राक्ष गुळगुळीत, गोल आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसेल एवढं. अडकलं तर हवा पूर्ण बंद होते. आडवं कापून उपयोग नाही, कारण आडव्या अर्धकाचा गोल व्यास तेवढाच राहतो. मणी जेवढा मोठा तेवढा भाव चांगला, हे बागेत ठीक. घरातल्या नातवंडाला देताना मात्र सुरी उभी चालवा.